ओला टॉवेल आणि पायाची करंगळी



गेल्या महिन्यात आमच्या इमारतीतल्या एका घरी मलिद्याला गेले होते. हात धुवायला आम्ही सगळे ओळीने उभे राहिलो. बेसिनजवळ एकच टॉवेल लटकत होता. वीस-पंचवीस माणसांनी त्याला हात पुसले. माझी पाळी आली तेव्हा तो पिळला असता तर पाणी निघाले असते. मी पर्समधून माझा छोटा नॅपकिन काढला. मागे उभी असलेली बाई हसून म्हणाली, "नर्सबाई अजून ड्यूटीवरच आहेत वाटतं!" मीही हसले. पण नॅपकिन बाळगायची सवय मला नोकरीत लागली नाही. ती लागली निवृत्तीनंतर, आणि त्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे. आज तेच सांगते.

आमच्या ह्यांना मधुमेह होऊन पंचवीस वर्षे झाली. सहा वर्षांपूर्वी, सुक्कोत संपून पहिला पाऊस पडला त्या आठवड्यात, त्यांचा डावा पाय घोट्यापर्यंत लाल झाला आणि सुजला. अंगात थंडी भरून ताप आला. पाय फारसा दुखत नव्हता, आणि हीच त्यातली वाईट गोष्ट. जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. दुखत नाही म्हणून माणूस पाहत नाही. मी पाहिले तेव्हा करंगळी आणि शेजारचे बोट यांच्यामध्ये चिखल्यांनी कातडी फाटली होती आणि त्या फटीतून जंतू आत शिरले होते. अकरा दिवस रुग्णालयात शिरेतून औषध चालले. पाय वाचला. करंगळी गेली.

वॉर्डातली नर्स माझ्या नातीच्या वयाची. तिने कागद भरता भरता विचारले, "घरी दोघे एकच टॉवेल वापरता का?" मला उत्तर देता येईना. चौतीस वर्षे मी रुग्णालयात नोकरी केली. एका रोग्याचा टॉवेल दुसऱ्याला लागला म्हणून किती शिकाऊ मुलींना बोलले असेन. आणि माझ्या घरी, खिडकी नसलेल्या न्हाणीघरात, दाराच्या मागच्या खुंटीवर एकच मोठा टॉवेल. नवरा-बायकोत कसले आले आपले-तुपले? माझ्या पायाच्या अंगठ्याचे नख दोन वर्षे पिवळे आणि जाड झालेले होते. ती बुरशी आहे हे मला कळत होते. आज दाखवू, उद्या दाखवू, असे करत राहिले होते.

टॉवेलमुळेच सगळे झाले असे मी शपथेवर सांगणार नाही. त्यांची साखर वाढलेली होती, बूट घट्ट होते, पाय रोज पाहायचा कंटाळा केला होता. पण बुरशी माझ्या नखातून त्यांच्या बोटांपर्यंत जायला रस्ता हवा होता. तो रस्ता रोज खुंटीवर टांगलेला होता.

ओला टॉवेल काय करतो

आपल्याला वाटते, आंघोळ करून स्वच्छ झालेले अंग पुसले, मग टॉवेल घाण कसा होईल? पण पुसताना अंगाची मेलेली कातडी, तेल, घाम आणि जंतू टॉवेलला लागतात. जंतूंना हे खाद्य आणि त्यावर पाणी मिळाले की ते वाढतात. कुबट वास येतो तो त्यांचाच. टॉवेल दोन-तीन तासांत खडखडीत वाळला तर त्यांना फारशी संधी मिळत नाही. दिवसभर दमट राहिला तर मिळते. म्हणून टॉवेलचा खरा शत्रू दमटपणा.

तरुण माणसाच्या धड कातडीला याचा फार त्रास होत नाही. आपली गोष्ट वेगळी. सत्तरीनंतर कातडी कागदासारखी पातळ होते, कोरडी पडते, जराशा घासण्याने फाटते. त्यात मधुमेह असला तर जखम भरायला वेळ लागतो. चिखल्या, गजकर्ण, खरूज, केसतोडा, डोळे येणे, हे सगळे एकमेकांच्या टॉवेलमधून पसरू शकते.

जुन्या लोकांना खुपऱ्या आठवत असतील. डोळ्यांचा तो आजार हात, माश्या आणि तोंड पुसायचा एकच फडका यांतून घरभर पसरायचा आणि शेवटी माणूस आंधळा व्हायचा. 1913 साली हदास्साने यरुशलाईमला पहिल्या दोन नर्स पाठवल्या, तेव्हा त्यांच्यापुढच्या मोठ्या कामांपैकी एक हेच होते. भारतात तर खुपऱ्यांचे सार्वजनिक संकट संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये जाहीर केले. एवढा काळ लागला. त्यात औषधाइतकेच धुतलेल्या तोंडाचे आणि वेगळ्या फडक्याचे काम आहे.

आईचा दोरा

रेवदंड्याजवळ आमचे घर होते. आम्ही आठ माणसे. टर्किश टॉवेल कोणी पाहिला होता? सगळ्यांना पंचे. ते एकाच ठाणातून फाडलेले, म्हणून सारखेच दिसायचे. आई प्रत्येकाच्या पंच्याच्या कोपऱ्यावर रंगीत दोऱ्याचे चार टाके घालायची. बाबांचा लाल, आजीचा पांढरा, माझा निळा. कुणी दुसऱ्याच्या पंच्याला हात पुसला की ती ओरडायची. घरात आजारी माणूस असले की त्याचा पंचा तांब्याच्या हंड्यात धुण्याचा सोडा घालून उकळायची, विहिरीजवळच्या दगडावर आपटायची आणि उन्हात वाळवायची. जंतू हा शब्द तिला माहीत नव्हता. ती चौथी शिकलेली, मी नर्सिंगची पदवी घेतलेली. रुग्णालयातून परत आलो त्या रात्री मी शिवणाचा डबा काढला आणि आमच्या सगळ्या टॉवेलांना दोरे घातले. त्यांचा लाल, माझा निळा.

तुमच्या घरी आता हे करा:

प्रत्येकाचे अंग पुसायचे टॉवेल वेगळे, आणि त्यावर खूण. तोंडासाठी छोटा वेगळा. पायांना चिखल्या असतील तर पायांसाठी आणखी एक जुना वेगळा, आणि पाय सगळ्यांत शेवटी पुसायचे.

मधुमेह्यांनी बोटांच्या मधली जागा घासू नये, टॉवेल टिपून टिपून कोरडी करावी. मलम पायाला लावा, पण बोटांच्या मध्ये लावू नका. पाय रोज पाहा. स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवून पाहा. लाली, सूज, गरमपणा किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी कुपात होलिममध्ये जा.

अंगाचा टॉवेल तीन वेळा वापरून झाला की धुवायला. हात पुसायचा एक-दोन दिवसांनी, स्वयंपाकघरातला रोज. डोळे आले असतील तर तोंडाचा टॉवेल प्रत्येक वेळी नवा.

मलिदा असो की मेहंदी, पाहुणे येणार असतील तेव्हा बेसिनजवळ कागदी रुमाल ठेवा, किंवा छोट्या नॅपकिनांची टोपली. सिनेगॉगमधल्या बेसिनजवळही तसेच व्हावे असे मी आमच्या मंडळींना सांगितले आहे. खर्च फार नाही.

धुताना

मशीनवर 60 अंश लावा. 30-40 अंशांवर मळ निघतो, पण बुरशी सगळी मरत नाही. पंधरा-वीस मिनिटांचा झटपट कार्यक्रम टॉवेलांसाठी नाही. टॉवेल बाकीच्या कपड्यांपासून वेगळे धुवा, म्हणजे कपडे विटत नाहीत आणि टॉवेलांना भरपूर पाणी मिळते. ड्रम ठासून भरू नका. वर हात घालून फिरवता येईल इतकी जागा ठेवा.

पावडर जास्त घातली की टॉवेल जास्त स्वच्छ, ही आपली जुनी समजूत. ती सनलाइटच्या वडीच्या काळातली आहे. तेव्हा आपण विहिरीच्या पाण्यात चार वेळा खळबळून काढायचो. मशीन तेवढे खळबळत नाही. उरलेला साबण धाग्यात बसतो, टॉवेल कडक होतो आणि त्या साबणाला मळ चिकटतो. पुड्यावर लिहिलेल्या मापाच्या वर जाऊ नका.

आणि तो सुगंधी मेराकेख! टॉवेल मऊ व्हावा म्हणून आपण तो ओततो. तो धाग्यांवर मेणासारखा थर देतो. टॉवेल हाताला मऊ लागतो, पण पाणी टिपत नाही. मग अंग ओले राहते, बोटांच्या बेचक्या ओल्या राहतात. टॉवेलांसाठी तो बंद करा. त्याऐवजी महिन्यातून एकदा शेवटच्या पाण्यात अर्धा कप पांढरा व्हिनेगर पुरे.

धुणे झाले की लगेच काढा. मशीनचे दार आणि पावडरचा खण उघडा ठेवा. दाराच्या रबराच्या घडीत काळे साचते, ते पुसा. मशीनलाच वास असेल तर टॉवेलला येणारच. दोन महिन्यांतून एकदा मेलाख लिमोनचे शंभर ग्रॅम घालून रिकामे मशीन गरम पाण्यावर फिरवा. त्या वेळी दुसरे काही घालू नका.

कुबट वास बसला असेल तर

काही टॉवेल धुतल्यावर वास येत नाही, पण अंग पुसायला घेतले आणि ओले झाले की येतो. वास धाग्यात मुरल्याची ही खूण. असे टॉवेल बादलीत गरम पाणी आणि अर्धा कप धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवा. हातात रबरी मोजे घाला, सोड्याने कातडी फाटते. सकाळी साध्या पाण्यातून काढून, पावडर निम्मी घालून 60 अंशांवर धुवा आणि उन्हात वाळवा. दोनदा करूनही वास गेला नाही तर त्या टॉवेलचे लादी पुसायचे फडके करा. सुनेच्या लग्नातला होता म्हणून जपून ठेवू नका.

शब्बाथचे एक सांगते. शुक्रवारी संध्याकाळी आंघोळी करून आपण ओले टॉवेल टोपलीत कोंबतो आणि शनिवारी रात्र पडेपर्यंत त्यांना कोणी पाहत नाही. पंचवीस तास, तेही आपल्या उन्हाळ्यात! वास तिथेच जन्माला येतो. टॉवेल पसरून ठेवायला दांडी हवी. खुंटीवर टांगलेला टॉवेल घडीत ओला राहतो. आणि धुणे बंद असते त्या दिवसासाठी प्रत्येकाचा एक कोरडा टॉवेल आधीच काढून ठेवा.

डाग

रक्त: बोट टोचून साखर पाहणाऱ्यांच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या घरी हा डाग नेहमीचा. थंड पाणी, फक्त थंड पाणी. गरम पाण्याने रक्त धाग्यात शिजते आणि डाग कायमचा होतो. पांढऱ्या टॉवेलवर उरलेल्या डागाला मेय खमत्सान लावा, फेस येऊ द्या, मग धुवा.

आयोडिनचे तपकिरी औषध: व्हिटॅमिन सीची एक गोळी कुटून थोड्या पाण्यात विरघळवा आणि डागावर ओता. रंग डोळ्यांदेखत जातो. वॉर्डात शिकाऊ मुलींना ही जादू दाखवायला मला आवडायचे.

हळद: साबण लावला की डाग लाल होतो. घाबरू नका. धुवा आणि ओलाच कडक उन्हात घाला. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

तेल: आपण शनिवार तेली. घाण्याचा धंदा मागे राहिला तरी डोक्याला खोबरेल आणि गुडघ्यांना तेल लागतेच. ते टॉवेलात राहून खवट होते. कोरड्या डागावरच भांडी घासायचे लिक्विड चोळा, पंधरा मिनिटे ठेवा, मग गरम पाण्यात धुवा. मालिशचा टॉवेल वेगळा ठेवा. तेलाने माखलेला टॉवेल ड्रायरमध्ये घालू नका. तेलकट कपडे तापून आपोआप पेट घेऊ शकतात.

मेहंदी आणि केसांचा कलप: हे सुती धाग्यावरून जात नाहीत, उगाच श्रम नकोत. मेहंदीच्या रात्रीसाठी एक गडद रंगाचा जुना टॉवेल ठेवून द्या.

एकोनोमिका जपून

एकोनोमिका पांढऱ्या सुती टॉवेलांना चालते, पण एकटी. तिच्यात व्हिनेगर, मेलाख लिमोन किंवा नळावरचे पांढरे क्षार काढायचे औषध मिसळले की विषारी वायू निघतो. पेसाहच्या साफसफाईच्या दिवसांत छातीला हात लावून खोकत आलेल्या बायका मी आपत्कालीन विभागात दर वर्षी पाहिल्या आहेत. अमोनिया असलेल्या औषधातही ती मिसळू नका. लघवीने भिजलेला कपडा आधी साध्या पाण्याने नीट धुऊन काढा, त्यावर थेट एकोनोमिका ओतू नका. खिडकी उघडी हवी.

खरूज झाली तर टॉवेल, चादरी, अभ्रे सगळे 60 अंशांवर. जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. आणि औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी.

वाळवताना, आणि पडू नये म्हणून

ऊन आपल्याकडे फुकट आहे, त्याचा उपयोग करा. दोरीवर घालण्यापूर्वी टॉवेल दोनदा जोरात झटका, म्हणजे धागे मोकळे होतात आणि तो पापडासारखा कडक होत नाही. खमसिनच्या धुळीत आत वाळवा. पावसाळी दिवसांत पंख्याखाली किंवा ड्रायरमध्ये, पण पूर्ण कोरडा झाल्याशिवाय घडी घालू नका. कपाटात गेलेला एक दमट टॉवेल शेजारच्या पाचांना वास देतो.

पण मला जास्त काळजी माणसांची वाटते. ओला मोठा टॉवेल फार जड होतो. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वाकून तो दोरीवर घालताना तोल गेलेले लोक मला माहीत आहेत. पंच्याहत्तरीनंतर खिडकीबाहेरची दोरी बंद. गॅलरीत घडीचा स्टँड ठेवा, कमरेच्या उंचीचा. आणि जाड गालिच्यासारखे टॉवेल नातवंडांना देऊन टाका. पातळ टॉवेल किंवा आपला जुना पंचा घ्या. तो हलका असतो, दुखऱ्या बोटांनीही पिळता येतो आणि तासाभरात वाळतो. नाजूक कातडीलाही तोच बरा.

लपवलेले टॉवेल

एक गोष्ट शेवटी, जी लिहायला थोडे जड जाते. आमच्या ओळखीच्या एक मावशी, वय ब्याऐंशी, हळूहळू कुठेच येईनाशा झाल्या. सिनेगॉग नाही, सण नाही, मलिद्याचे बोलावणे आले की डोके दुखते. मी एकदा न सांगता गेले. घरात वास होता. त्या कॉफी करायला उठल्या तेव्हा मला पलंगाखाली गाठोडे दिसले. पिवळे डाग पडलेले ओले टॉवेल. त्यांची लघवी थेंब थेंब गळायची. त्या टॉवेलची घडी करून लावत होत्या आणि मेतापेलेतला दिसू नये म्हणून लपवत होत्या. मला म्हणाल्या, "आयुष्यभर मी दुसऱ्यांचं धुतलं गं. आता माझं कोणी धुवायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं होतं."

मी काही बोलले नाही. बादली घेतली. थंड पाण्यात ते टॉवेल खळबळले, धुण्याच्या सोड्यात भिजवले, मग 60 अंशांवर लावले. मशीन फिरत होते तोवर आम्ही दोघी कॉफी प्यायलो आणि अलिबागच्या गोष्टी केल्या. दुसऱ्या आठवड्यात मी त्यांना डॉक्टरकडे नेले. त्यांना लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होता, तो औषधाने गेला. उरलेल्या त्रासासाठी व्यायाम शिकवले, आणि पॅड वापरायला सांगितले. आता त्या शब्बाथला येतात, पुढच्या बाकावर बसतात.

वाचकहो, लघवी गळणे हे म्हातारपणाचे भोग म्हणून सोसायचे नसते. बऱ्याच वेळा त्यावर उपाय असतो. डॉक्टरला सांगा. आणि तुमच्या घरी कोणी मेतापेलेत येत असेल तर तिला टॉवेल दाखवा, लपवू नका. तिचे ते कामच आहे. मी तिच्या जागी चौतीस वर्षे होते, म्हणून सांगते: डाग पाहून आम्ही माणसाला नावे ठेवत नाही. आम्ही फक्त पाहतो, डाग कशाचा आहे आणि पाणी थंड घ्यायचे की गरम.

आमचे हे आता रोज आंघोळीनंतर आपला लाल दोऱ्याचा पंचा स्वतः गॅलरीत नेऊन वाळत घालतात. तो सरळ केलेला आहे की नाही हे मी स्वयंपाकघरातून पाहते. मग खुर्चीवर बसून ते पाय पुढे करतात, मी चष्मा लावून बोटे मोजते. नऊ. माझ्या नखाची बुरशी डॉक्टरांनी वर्षभर औषध देऊन बरी केली. त्या दोन वर्षांत दाखवले असते तर दहा मोजली असती.

तुमच्या न्हाणीघराच्या दारामागे किती टॉवेल आहेत, ते आज उठून पाहा.